अकरा रेघा

आवाज तसा मोठा झाला नाही. भरलेलं पोतं कुणी जरा घाईने खाली टेकवावं, तेवढाच. पण पोत्यातून 'अगं' असं ऐकू येत नाही. आई गाडीच्या उघड्या दारातून अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशी अडकली होती. गाडीतून बाहेर वळणारी खुर्ची चार बोटं खाली घसरून तिरकी झाली होती, आणि मी खुर्चीच्या हाताखाली अंगठा लावून, मला दाखवलं होतं अगदी तसा, हलकेच वर रेटत होते. काही हलेना. मग दोन्ही हातांनी रेटलं, मग खांदा लावला. अर्धा तास गेला. शेवटी वरच्या मजल्यावरचे शिंपी आणि त्यांचा जावई अशा दोघांनी तिला उचलून परत चाकाच्या खुर्चीत ठेवलं. लोकांसमोर आईने हसून साजरं केलं. म्हणाली, आमच्या साहेबीणबाईंनी दुसऱ्यांचे काटे तपासावेत, आईला तोलायच्या भानगडीत पडू नये. घरात आल्यावर मात्र तिने पदरचं एकही वाक्य न घालता सांगितलं की आता मोठ्या मावशीला फोनवरच भेटेन, ती गाडी देऊन टाक. मोठी मावशी म्हणजे आईची अक्का. चार तासांच्या रस्त्यावर राहते. चार वर्षं दोघी एकमेकींना दिसल्या नव्हत्या. आईचे पाय गेले तेव्हापासून आई आणि छाती भरून येते तेव्हापासून मावशी, दोघी आपापल्या खिडकीशी. मागच्या महिन्यात मावशीच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं होतं. गाडी मी हौसेसाठी घेतली नव्हती.

आणि ती ज्या दिवशी घेतली तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण तसा दिवस माझ्या वाट्याला फार वेळा आलेला नाही. विकणारे गृहस्थ लिफ्टचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. मी मनात त्यांना लिफ्टवाले काका म्हणायला लागले ते तेव्हापासून. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी, धुतलेली, पुसलेली. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं, खुर्चीखालची एक कडी ओढली, आणि ती खुर्ची दारातून आपणहून बाहेर आली, माझ्याकडे तोंड करून वळली आणि गुडघ्याएवढी खाली उतरून थांबली. ना मोटर, ना बटण, ना कुठे करकर. बसा, म्हणाले. मी बसले. त्यांनी हाताखाली एक अंगठा लावला, नुसता अंगठा, आणि मी वर गेले. वर गेले, वळले, आत गेले. रस्ता माझ्यासमोरून सरकला आणि काच समोर आली. मी पन्नाशीची बाई, सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी झोपेत कुणीतरी उचलून बिछान्यात ठेवायचं, तेव्हा अर्धवट जाग असायची आणि आपण डोळे उघडायचो नाही, तसंच मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काका तिथे नव्हते. पाणी आणायला आत गेले होते. परत आले ते बऱ्याच वेळाने, आणि पाणी न आणताच. बायकोसाठी केलं होतं, एवढंच म्हणाले. ती गेली त्याला आठ महिने झाले. आधी चारजण बघून गेले पण त्यांना द्यावीशी वाटली नाही, तुम्ही घेऊन जा. मग कागदांवर सह्या झाल्या आणि निघताना ते म्हणाले, "आईंसाठी ते बसवून द्यावं लागेल. रविवारी येऊन देतो." मी हो म्हटलं. काय बसवायचं, किती वेळ लागेल, काही विचारलं नाही. कुणी चहाला थांबा म्हणावं आणि आपण मान डोलवावी, तसं ते मला वाटलं. लिहून घेणं तर दूरच.

रविवारी ते आले नाहीत. आई सकाळपासून तयार होऊन खिडकीत बसली होती. दुसऱ्या रविवारीही आले नाहीत. फोन वाजत राहायचा. एकदा उचलला गेला, पलीकडे कुणीतरी श्वास घेतला आणि ठेवून दिला. माझ्या नाकावर राग असतो हे मला माहीत आहे, पण हा राग निराळा होता. ज्याच्या हाताने अशी वस्तू घडते त्याचा शब्द असा निघावा, हे मला पटत नव्हतं. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती याच माणसाकडून मागायची, नाही तर मग कुणाकडून. तिसऱ्या रविवारी दुपार झाली, तेव्हा आईच म्हणाली की तुला बसता आलं ना, मग मला का नाही, चल. आणि मी ऐकलं. मग ते पोतं, तो शिंपी, तो जावई.

मी वजनमापं तपासते. बाजारातले, गोदामातले, दवाखान्यातले काटे. हे काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला कधी वाटलं नाही. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवू शकतात याचं मूळ कुठेतरी एका बिडाच्या तुकड्यात असतं, आणि तो तुकडा मी सांभाळते, असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं. ते अजून पुसलं गेलेलं नाही. आता या कामातला पहिला धडा असा की काटा कधीही एका वजनावर तपासायचा नाही. रिकामा बघायचा, मग थोड्या वजनावर, मग अर्ध्यावर, मग पूर्ण. चार कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायचं. एकाच वजनाला खरं बोलणारे काटे मी शेकड्यांनी पकडले आहेत. 'साहेब, पाच किलो टाकून बघा ना, बरोबर दाखवतो' असं म्हणणाऱ्या दुकानदाराला मी नेहमी सांगते की मग तुम्ही पाच किलोच विका. आणि ही मी, त्या खुर्चीत स्वतः बसले, सेहेचाळीस किलोंची काडी, एकदाच, आणि शिक्का मारून मोकळी झाले. ही चूक कुणा भोळ्या माणसाची नव्हे. भोळा माणूस निदान चार लोकांना बसवून बघतो. ही चूक डोळे मिटून घेतलेल्या इन्स्पेक्टरची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातला मोठा काटा घरी आणला आणि आईला चाकाच्या खुर्चीसकट त्यावर ढकललं. एक्क्याण्णव. मग तिला पलंगावर ठेवून नुसती खुर्ची. अठरा. आई त्र्याहत्तर किलोंची निघाली. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. या बाईने मला नऊ महिने आणि वर काही वर्षं उचललं होतं, आणि मी तिचं वजन आज पहिल्यांदा घेत होते.

ऑफिसातले हेडक्लार्क अशा बाबतीत पोचलेले. त्यांनी विचारलं, लेखी काय आहे? काही नाही. साक्षीदार? नाही. मग मॅडम तुमच्या तोंडाला पानं पुसली गेली, म्हणाले, आणि तरीही मजकूर मस्त तयार करून दिला. आठ दिवसांत दोष दूर करा, अन्यथा गाडी परत घ्या. ती नोटीस मी पर्समध्ये घातली. आणि शनिवारी, आपलं म्हणणं सिद्ध करायला म्हणून, गाडीत मागे खात्याची प्रमाणित वजनं भरली. वीसची तीन, दहाचं एक, पाच, दोन, एक, आणि बारक्या वजनांची पेटी. काका फसवणूक नाकारतील, मग मी त्यांच्यासमोर त्र्याहत्तर किलो ठेवून दाखवीन, असा सगळा बेत रस्ताभर मनात घोळवत होते. वाक्यंसुद्धा तोलूनमापून ठेवली होती.

काका शेडमध्येच होते, रिकाम्या शेडमध्ये, एका उलट्या डब्यावर बसलेले. गाडी आत येताना बघून ते उभे राहिले आणि त्यांनी काही नाकारलंच नाही. खुर्ची पडली, आई अडकली, आई त्र्याहत्तर किलोंची आहे, हे सगळं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. लागलं का त्यांना, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, "शब्द दिला होता तुम्ही. रविवारी येतो म्हणाला होतात."

"आलो होतो," ते म्हणाले. "तिन्ही रविवारी."

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की मला हसूच आलं. तपासणीची तारीख चुकवणारा प्रत्येकजण ऑफिसच्या दारापर्यंत येऊन गेलेला असतो. ते मी त्यांना ऐकवलं, आणि अशा आवाजात ऐकवलं की आता आठवलं तरी मला माझी लाज वाटते. त्यांनी मान खाली घातली. वाद नाही, शपथ नाही. मग बोलणार कुणाशी? मी वजनं उतरवायला लागले. निदान काम तरी करावं म्हणून पद्धतीने सुरुवात केली, जी तीन आठवड्यांपूर्वी करायला हवी होती. खुर्ची बाहेर काढली. रिकामी. मग वीस. खुर्ची उसळून वर यायला बघत होती, हाताने धरावी लागली. मग चाळीस. अजून उसळत होती, पण कमी. मग पाच आणि एक, सेहेचाळीस. आणि उसळणं थांबलं. मी अंगठा लावला. बिडाचे ते काळे गट्टू वर गेले, वळले, आत गेले. तसेच बाहेर आले. मी बारकी पेटी उघडली आणि अर्धा किलो वर ठेवलं. खुर्ची सावकाश, अगदी सावकाश, खाली झुकली. काढलं, थांबली. पुन्हा ठेवलं, झुकली. मी किती वेळा हे केलं मला माहीत नाही. घरच्या शेडमध्ये, स्प्रिंग आणि गंजके पाइप जोडून, एका म्हाताऱ्या माणसाने माणूसभर वजनाला अर्ध्या किलोचा फरक कळणारी खुर्ची बनवली होती. अशी निगुत मला पगारी माणसांतही क्वचित भेटली आहे. माझ्या अंगावर काटा आला आणि पर्समधल्या नोटिशीचा मला विसर पडला.

हे कशाने होतं ते बघायला मी जमिनीवर पाठ टेकून खुर्चीखाली शिरले. कपड्यांची पर्वा केली नाही. खाली एक लांब पेटी, पेटीत मनगटाएवढी जाड स्प्रिंग, आणि तिच्या टोकाला एक मोठा नट. नट आवळला की स्प्रिंगचा जोर वाढणार, सैल केला की कमी होणार, एवढं मला कळलं. आणि नटाच्या कडेला, लोखंडी पट्टीवर, सुईने ओढलेल्या रेघा होत्या. एकाखाली एक. प्रत्येक रेघेपुढे एक बारीक आकडा आणि तारीख. मी मोबाइलचा उजेड धरला. चौसष्ट. बासष्ट. साठ. अठ्ठावन्न. मग तारखा जवळजवळ यायला लागल्या. पंचावन्न. चोपन्न. बावन्न. पन्नास. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. आणि सगळ्यात खाली सेहेचाळीस, आणि नट तिथे उभा. अकरा रेघा होत्या. मी काट्यांवरचे आकडे वाचत जन्म घालवला, पण एक अख्खी बाई अशी उतरत गेलेली मी कधी वाचली नव्हती. मला बाहेर येववेना. वर काकांचे पाय दिसत होते, चपलेचा अंगठा तुटलेला. 

बाहेर आल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता. बायकोला उभं राहता यायचं नाही. दर महिन्याला ते तिला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि आपलं वजन वजा करायचे. लिफ्टमध्ये नाही का, म्हणाले, पलीकडे वजन बांधलेलं असतं म्हणून ती सहज वर जाते, लोकांना ते दिसत नाही. तिचं वजन उतरलं की ते नट उतरवायचे, नाहीतर खुर्ची उसळली असती आणि तिला वाटलं असतं की आपण हलक्या झालो. "तिला कधी कळू दिलं नाही मी. खुर्ची नेहमी सारखीच वळायची." मग म्हणाले, "आईंसाठी आता त्र्याहत्तरवर न्यायचं म्हणजे नट तिथून हलवायचा. तुमच्या फाटकापर्यंत पाना घेऊन येत होतो, ताई. हात लावायची वेळ आली की..." पुढचं वाक्य त्यांनी हवेतच ठेवलं. ज्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले आणि ती वळली, त्या दिवशी ते पाणी आणायला का गेले होते, हे मला तेव्हा कळलं.  मी खाली बसले, त्यांच्याच उलट्या डब्यावर.

समजूत घालायला मला जमत नाही. जे येतं तेच मी बोलले. म्हटलं, काका, नट हलतो, रेघ हलत नाही. जिथे होता तिथे तो केव्हाही परत आणता येतो, तुम्ही इतकी अचूक रेघ ओढली आहे. रेघांना मी हात लावणार नाही, त्र्याहत्तरची खूण दुसऱ्या बाजूला करीन. त्यांना हे पटलं असं मला वाटलं नाही. पण त्यांनी खोलीत जाऊन निळ्या पत्र्याची एक हत्यारपेटी आणली, तिच्यातला मोठा पाना काढून माझ्या हातात दिला आणि पेटी गाडीत मागे ठेवून दिली. म्हणाले की पहिला फेरा जड जाईल, मग सैल होईल. आणि ते घरात गेले. दार लावल्याचा आवाज आला. मी पुन्हा खाली शिरले. पाना बसवला. अठ्ठावीस वर्षांत मी कितीतरी खोटे काटे मोडीत काढले, लोखंड हातोड्याने चेपलं, तेव्हा कधी दोनदा विचार केला नाही. त्या दिवशी मी पाना नटावरून दोनदा काढून पुन्हा बसवला. पहिला फेरा खरंच जड गेला. नंतर मी वजनं ठेवत, बघत, पुन्हा आवळत गेले, आणि तासाभराने साठ, दहा, दोन आणि एक असे त्र्याहत्तर किलो माझ्या अंगठ्यावर वर गेले. दाराशी जाऊन मी सांगितलं, झालं.  ज्याने शब्द दिला त्याने तो पाळला नाही, आणि काम मात्र झालं. याचा हिशेब कुठल्या नमुन्यात भरतात ते मला माहीत नाही. नोटीस मी काढलीच नाही.

आईला पुन्हा बसायला तयार करण्यात आठवडा गेला. मी मागे उभी राहून तीन वेळा वजनं बसवून दाखवली, तेव्हा ती म्हणाली की दगड बसले म्हणून काय झालं, दगडांना भीती नसते. पण बसली. आणि खुर्ची वळली. आईने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रस्त्यावर लागल्यावर तासभर ती खिडकीबाहेरचं सगळं वाचत होती, दुकानांच्या पाट्या, मैलांचे दगड, शाळांची नावं. एका पंपावर थांबलो तेव्हा मी मागचं दार उघडलं आणि तिने आरशातून पाहून विचारलं, "ती निळी पेटी त्याच माणसाची का गं?" कुठला माणूस, मी म्हटलं. समोरच्या झाडाखाली उभा राहायचा तो. रविवारी सकाळी यायचा, पेटी पायाशी ठेवून आपल्या फाटकाकडे बघत राहायचा, आणि ऊन आलं की जायचा. तीन रविवार. आईला वाटलं कुणी नळदुरुस्तीवाला गिऱ्हाइकाची वाट बघतोय, एकदा तिला त्याला पाणी द्यावंसं वाटलं होतं पण हाक पोचली नसती. मी पंपावर हवा भरून घेतली, जी भरायची गरज नव्हती, आणि मगच गाडीत बसले. आईला काही सांगितलं नाही. पुढचे तीन तास मी जितकी सावकाश गाडी चालवली तितकी कधीच चालवली नसेल.

मोठी मावशी दारातच बसली होती, अंगावर शाल, नाकाला नळी. मी गाडी तिच्यासमोर आडवी लावली आणि कडी ओढली. आई दारातून बाहेर आली, वळली, आणि आपल्या अक्काच्या समोर गुडघ्याएवढी खाली उतरून थांबली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. चार वर्षं या बायका रोज फोनवर भाजीपासून भुतापर्यंत सगळं बोलत आल्या होत्या. मावशीने हात लांबवून आईच्या गालावर ठेवला, तो तिथेच ठेवला. मी बाजूला उभी होते, लागला तर म्हणून हातात पाना घेऊन, आणि मला वाटलं की मी आजवर जे काही मोजलं ते याच्यासाठी हात बसावा म्हणून. मावशी म्हणाली, "जाड झालीस गं." मग दोघी रडल्या आणि मग हसल्या. मग मावशी म्हणाली की मलाही बसव त्याच्यात. मावसभाऊ नको म्हणाला, डॉक्टर नको म्हणतील म्हणाला. मावशीने त्याला हाताने गप्प केलं. मी विचारलं, वजन किती? बावन्न, मागच्याच आठवड्यात दवाखान्यात घेतलं.

मावसभावाने आईला चाकाच्या खुर्चीत घेतलं आणि मी खाली शिरले. यावेळी पाना एकदाच बसवला. नट फिरवत फिरवत खाली आणला, चौसष्ट, साठ, पंचावन्न, चोपन्न, आणि बावन्नच्या रेघेवर आणून थांबवला. वजनं नव्हती बरोबर, तपासायला काही नव्हतं. रेघेवर विश्वास ठेवून मावशीला उचलून खुर्चीत ठेवलं आणि अंगठा लावला. मावशी वर गेली, वळली, आत गेली. काचेतून तिने रस्ता पाहिला, बाहेर बसलेल्या बहिणीला पाहिलं, आणि तिने डोळे मिटून घेतले.

मी भिंतीशी जाऊन फोन लावला. नेहमीसारखा बराच वेळ वाजला. मग उचलला गेला आणि पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाची क्षमा मागायची, असं मी ठरवून ठेवलं होतं, वाक्यही तयार होतं. ते बाहेर आलंच नाही. मी म्हटलं, "काका, बावन्नवर माझी मावशी बसली आहे."

 फोन ठेवला गेला नाही.

"वळली?" त्यांनी विचारलं.

"वळली."

"बावन्न," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा मोकळा ऐकला. "बावन्नला ती अजून आपले पाय आपण आत घ्यायची."